मानसिक आजार, दिव्यांग सर्टिफिकेट आणि नोकरी: कागद कसे जमवायचे आणि काम कसं टिकवायचं

घरात कोणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी किंवा वर्षानुवर्षं पाठ न सोडणारं डिप्रेशन असेल तर दोन प्रश्न कधी ना कधी येतातच. सरकारकडून काही मिळतं का, आणि नोकरी केली तर जे मिळतंय ते बंद होईल का. आमच्या नातेवाइकांच्या स्वमदत गटात नवीन माणूस आला की पहिल्या चहाच्या आत हेच विचारतो. आणि बहुतेक जण एकतर सर्टिफिकेटच्या नावानेच घाबरलेले असतात, नाहीतर एकदा सिव्हिलला जाऊन, कमी टक्के घेऊन, वैतागून परत आलेले असतात. माझ्या धाकट्या भावाचं सगळं मीच बघते, म्हणून जे कळलंय ते इथे लिहितेय. जरा मोठं झालंय पण वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सर्टिफिकेट आजाराच्या नावावर मिळत नाही, त्या आजाराने रोजच्या जगण्याचं काय केलंय त्यावर मिळतं. आणि नोकरी टिकते किंवा जाते तीही त्याच रोजच्या जगण्यावर. त्यामुळे दोन्हीसाठी लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे रोजच्या नोंदींची वही. बाकी सगळं त्या वहीवर उभं राहतं. कसं ते सांगते.

कायद्यात काय आहे

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे आणि मानसिक आजार हा त्यातला एक स्वतंत्र प्रकार आहे. बौद्धिक अक्षमता वेगळी, मानसिक आजार वेगळा. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रकार निवडताना सायबर कॅफेवाला घाईत भलताच पर्याय दाबतो आणि मग बोर्डात, म्हणजे दाखल्यासाठी तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांपुढे, गोंधळ होतो, म्हणून तिथे स्वतः स्क्रीन बघा, 'मेंटल इलनेस' हाच पर्याय हवा. बहुतेक योजना आणि आरक्षणासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता लागते.

सर्टिफिकेटची भीती का असते तेही सांगते, कारण आई-वडील इथेच अडतात. हा दाखला म्हणजे 'वेडा' ठरवणारा कागद नाही. त्याने मतदानाचा हक्क जात नाही, बँकेचं खातं बंद होत नाही, जमिनीत नाव असेल तर ते निघत नाही. कायदेशीरदृष्ट्या अक्षम ठरवायचं काम कोर्टाचं आहे, सिव्हिलच्या बोर्डाचं नाही. उलट या कायद्याच्या कलम १३ मध्ये मालमत्ता बाळगायचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार करायचा हक्क इतरांइतकाच आहे असं लिहिलंय. दाखल्याबरोबर यूडीआयडी नावाचं दिव्यांग ओळखपत्र मिळतं, त्या कार्डावर मानसिक आजार असं छापलेलं असतं हे खरं, पण कार्ड कुठे दाखवायचं ते तुमच्या हातात असतं. काढून कपाटात ठेवलं तरी चालतं. गरज पडली तेव्हा नाही म्हणून धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

टक्के नेमके कसे मोजतात

हा भाग नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. हात-पाय, कान-डोळे तपासता येतात, मनाच्या आजारात मशीनवर शुगरसारखा आकडा येत नाही. त्यामुळे 'आयडियाज' नावाची एक भारतीय मोजपट्टी वापरतात, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीच्या समितीने बनवलेली. तिच्यात चार गोष्टी बघतात. पहिली, स्वतःची काळजी, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, गोळ्या घेणं. दुसरी, माणसांशी वागणं, म्हणजे बोलणं सुरू करणं, नाती टिकवणं. तिसरी, संवाद आणि समज, बोललेलं कळणं, टीव्हीवरची बातमी, पेपर समजणं, आपलं म्हणणं मांडता येणं. चौथी, काम, मग ती नोकरी असो, घरकाम असो नाहीतर शिक्षण, माणूस जे करतो ते.

प्रत्येकाला ० ते ४ गुण. ० म्हणजे काही अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून. शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे गुण. दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा वर्षं ३, दहाच्या वर ४. सगळे मिळून २० पैकी. १ ते ६ आले तर ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ आले तर ४० ते ७० टक्के, १४ ते १९ आले तर ७१ ते ९९, आणि २० म्हणजे १००.

आता एक उदाहरण बघा. एक मुलगा, आजार आठ वर्षांचा, म्हणजे ३ गुण तिथेच झाले. आंघोळीला आईला रोज मागे लागावं लागतं, मित्र सगळे सुटलेत, लग्नकार्याला जात नाही, गेल्या तीन नोकऱ्या दोन-दोन महिन्यांत सुटल्या. स्वतःची काळजी १, माणसांशी वागणं २, संवाद १, काम २, अधिक ३. बेरीज ९. म्हणजे तो ४० च्या वर बसतो. पण हाच मुलगा बोर्डाच्या दिवशी आईने इस्त्री करून दिलेला शर्ट घालून जातो, डॉक्टरांनी विचारलं "कसा आहेस" की म्हणतो "बरा आहे", "आंघोळ करतोस का" "हो", "काम करतोस का" "करतो ना अधूनमधून". आई बाहेर बाकावर बसलेली, तिला आत कोणी बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. मग गुण पडतात ०, १, ०, १ आणि ते ३, बेरीज ५. सर्टिफिकेट येतं ४० च्या खालचं. डॉक्टर वाईट नसतात हो, समोर शंभर माणसांची रांग असते आणि त्यांना जे सांगितलं तेवढंच त्यांना दिसतं.

आणि खोटं सांगायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. चांगलं चाललंय ते चांगलंच सांगा. फसवून लाभ घेतला तर कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. तुम्हाला फुगवून सांगायची गरजच नाही, फक्त वाईट दिवस लपवायचे नाहीत. आपल्याकडे घरचं झाकून ठेवायची सवय इतकी असते की डॉक्टरांपुढेही झाकलं जातं.

ती वही

साधी दहा-वीस रुपयांची वही घ्या. निबंध लिहायचा नाही, रोज दोन-तीन ओळी. आमच्या वहीतल्यासारखी एक नोंद देते म्हणजे अंदाज येईल:

"सोमवार. सकाळी साडेदहाला उठला, तीन वेळा हाक मारली. दात घासले, आंघोळ नाही (शनिवारपासून नाही). रात्रीची गोळी मी समोर उभं राहून दिली. दुकानातून दूध आणायला पाठवलं, अर्ध्या रस्त्यातून परत आला, लोक बघतात म्हणाला. संध्याकाळी अर्धा तास कॅरम खेळला, छान हसला."

शेवटची ओळही लिहा, चांगलं ते लिहिलं नाही तर नोंद खोटी वाटते आणि पुढे काम शोधताना तीच ओळ उपयोगी पडते. दोन-तीन महिन्यांची अशी वही असली की बोर्डापुढे घरच्या माणसाला आठवत बसावं लागत नाही. आणि आत जाताना स्पष्ट सांगा, "मी घरी सांभाळणारी आहे, मला पण बोलायचंय". ही मोजपट्टीच अशी आहे की माहिती घरच्या माणसाकडूनही घ्यायची असते, त्यात तुम्ही काही उपकार मागत नाही. शक्य असेल तर एका कागदावर सारांश न्या: आजार कधी सुरू झाला, किती वेळा अॅडमिट, कुठल्या गोळ्या, किती नोकऱ्या कधी लागल्या आणि का सुटल्या, घरात काय काय दुसऱ्याला करावं लागतं. एकच पान, मोठ्या अक्षरात.

माणूस स्वतः बोलू शकत असेल तर आदल्या रात्री त्याच्याशी शांतपणे बोलून घ्या. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल "ह्याला काही जमत नाही" असं बोललेलं फार लागतं. त्यालाच विचारा, तुला कुठे जड जातं, ते तू सांगशील की मी सांगू.

अर्ज आणि कागद

जून २०२१ पासून दाखला फक्त स्वावलंबन पोर्टलवरून, म्हणजे यूडीआयडीच्या साइटवरूनच मिळतो, हाताने लिहिलेले दाखले बंद झालेत. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज केला की नोंदणी क्रमांक येतो तो जपून ठेवा. हॉस्पिटल निवडताना आपल्या जिल्ह्यातलं निवडता येतं, किंवा जिथे सरकारी हॉस्पिटलात उपचार चालू आहेत ते. मग दिलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात नाहीतर मेडिकल कॉलेजमध्ये जायचं, मनोविकारतज्ज्ञ तपासतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे आधी उपचार झाले असतील तर तिथले केसपेपर फार वजनदार पुरावा असतो.

जुने कागद नसतील तर? खूप जणांकडे नसतात, घर बदलताना गेले, रागात फाडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मागायचा हक्क आहे, कलम २५. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. खाजगी डॉक्टरांकडूनही सविस्तर पत्र घ्या, त्यात निदान, कधीपासून उपचार, औषधं आणि रोजच्या जगण्यावर काय परिणाम, हे चारही हवं. नुसतं "अमुक माझ्या उपचाराखाली आहे" एवढ्या ओळीचा काही उपयोग नाही. खाजगी डॉक्टरांना दाखला देता येत नाही, पण त्यांचे कागद बोर्ड बघतं.

कार्ड रंगीत असतं, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. कमी टक्के आले आणि तुम्हाला ते पटत नसेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपील करताना भांडणाच्या सुरात लिहू नका, वहीतल्या नोंदी आणि डॉक्टरांचं पत्र जोडा आणि कुठल्या बाबतीत गुण कमी पडले असं तुम्हाला वाटतं ते मुद्द्याने लिहा.

मग मिळतं काय

महाराष्ट्रात सगळ्यात आधी संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांग लाभार्थ्यांना महिना १५०० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ पासून ते २५०० केलेत. वय १८ ते ६५, दिव्यांगता ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. अर्ज तहसील कचेरीत संजय गांधी शाखेत किंवा सेतूमधून. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार जोडलेलं बँक खातं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात, आणि गंमत म्हणजे थांबलेत हे दोन-तीन महिने कळतही नाही, म्हणून पासबुक भरत जा.

आता ५० हजारांची मर्यादा म्हणजे महिन्याला चार हजार रुपयेसुद्धा जेमतेम. म्हणजे घरात कोणाची धड नोकरी असेल तर ही योजना मिळत नाही, आणि आजारी माणसाला स्वतःला आठ-दहा हजारांचं काम लागलं तरी ती जाते. यावरून घरोघरी वाद होतात, "काम लागलं तर पेन्शन जाईल, राहू दे घरीच". माझं मत अगदी स्पष्ट आहे. ज्याला काम झेपतंय त्याला २५०० साठी घरी बसवू नका. योजना गेली तरी सर्टिफिकेट जात नाही. काम सुटलं, उत्पन्न परत मर्यादेत आलं तर परत अर्ज करता येतो, आजाराचे कागद तुमच्याकडे आहेतच. पण उलटही खरं आहे, ज्याला आत्ता झेपत नाही त्याला "आळशी" म्हणून कामाला जुंपू नका.

फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. आई किंवा वडील सरकारी नोकरीत होते, पेन्शन घेतात, आणि मुलाला किंवा मुलीला असा मानसिक आजार आहे की पोट भरण्याइतकं कमावता येत नाही, तर आईवडिलांच्या पश्चात त्या मुलाला तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, वयाची २५ वर्षांची अट तिथे लागत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये उत्पन्नाची अट सैल केली, मुलाचं उत्पन्न वडिलांच्या किंवा आईच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो पात्र धरतात. म्हणजे छोटं काम करूनही हे मिळू शकतं. राज्य सरकारच्या पेन्शन नियमांतही दिव्यांग मुलांसाठी अशी तरतूद आहे, आपल्या कार्यालयात अटी विचारून घ्या. पण हे काम आईवडील हयात असतानाच करून ठेवा, कार्यालयात मुलाची नोंद कुटुंबाच्या तपशिलात घाला, दाखला जोडा. नंतर भावा-बहिणींना हे सिद्ध करत बसायला फार त्रास होतो, मी जवळून बघितलंय.

आयकरात ८०यू म्हणून ओळखली जाणारी सवलत आजारी माणूस स्वतः कमावत असेल तर, आणि ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी सांभाळणाऱ्याला. ४० टक्क्यांना ७५ हजार, ८० टक्क्यांना सव्वा लाख वजावट. पण जुनी करपद्धत निवडली असेल तरच, नव्या पद्धतीत नाही. ग्रामपंचायत, नगरपालिकांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकाला जाऊन विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

काय मिळत नाही तेही सांगते म्हणजे चकरा वाचतील. निरामय आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगता यांच्यासाठीच आहे, मानसिक आजाराला नाही. रेल्वेच्या तिकीट सवलतीतही बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार नाही. हे बरोबर आहे असं मला वाटत नाही पण आज तसं आहे. मेडिक्लेममध्ये मात्र मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं असं मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे, विमा कंपनीने नुसतं "मानसिक आजार आम्ही देत नाही" म्हटलं तर लेखी कारण मागा.

नोकरी: सांगायचं की नाही

याला एकच उत्तर नाही. सरकारी भरतीत आरक्षणातून जायचं असेल तर सांगावंच लागतं. ४ टक्के दिव्यांग आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगता या सगळ्यांत मिळून. जाहिरातीत ते पद मानसिक आजारासाठी सुयोग्य धरलंय का ते आधी बघा, नाहीतर फी भरून फुकट.

खाजगीत, मुलाखतीत आपणहून सांगायची गरज नाही. पण जॉइनिंगच्या मेडिकल फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असेल तर लेखी खोटं लिहू नका, नंतर आजार उफाळला की कंपनी त्याच एका ओळीवर बोट ठेवते. सांगायचं ठरवलं तर निदान सांगण्यापेक्षा काय लागतं ते सांगा. २० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेला समान संधी धोरण बनवावं लागतं, त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख हवा. एचआरला ते धोरण मागा. आणि मग साधं पत्र किंवा मेल:

"माझ्यावर दीर्घकालीन आजारासाठी उपचार चालू आहेत. रात्रीच्या औषधामुळे सकाळी गुंगी असते, म्हणून ९ ऐवजी १०.३० ला येऊन ७ पर्यंत थांबण्याची परवानगी मिळावी. नाइट शिफ्ट देऊ नये असा डॉक्टरांचा सल्ला आहे, पत्र जोडलं आहे. महिन्यातून एकदा फॉलोअपसाठी अर्धा दिवस लागेल. कामाच्या सूचना तोंडी न देता मेलवर मिळाल्या तर माझं काम अधिक नेमकं होईल."

बघा, यात आजाराचं नाव नाही, रडगाणं नाही, आणि प्रत्येक मागणी कंपनीला झेपणारी आहे. ही मागणी कुठून आली? वहीतून. सकाळी किती वाजता डोकं ताळ्यावर येतं, गर्दीत काय होतं, सलग किती तास बसवतं, हे वहीत महिनोन्‌महिने लिहिलेलं असतं. रात्रीची शिफ्ट तर बायपोलर असलेल्याने शक्यतो घेऊच नये, झोप मोडली की मॅनियाला, म्हणजे अति उत्साहाच्या झटक्याला, वाट मिळते. लिथियम चालू असेल तर पाणी भरपूर प्यावं लागतं आणि ठराविक काळाने रक्त तपासावं लागतं, उन्हातान्हात डिलिव्हरीचं काम धरताना हा विचार डॉक्टरांशी बोलून करा.

पहिलं काम छोटं असू दे. ओळखीच्या दुकानात दोन तास, नातेवाइकाच्या ऑफिसात बिलं लावायला, घरचा मसाला पॅक करायला. लोक लगेच पूर्णवेळ नोकरी शोधतात, महिनाभर ताणून धरतात, गोळ्या झोप आणतात म्हणून गोळ्या बंद करतात आणि तिसऱ्या महिन्यात अॅडमिट होतात. कामासाठी गोळ्या बंद करायच्या नाहीत, वेळ किंवा डोस बदलता येतो का ते डॉक्टरांना विचारायचं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) अशा संस्था आहेत, तिथले लोक पुनर्वसनाबद्दल नीट बोलतात, एकदा जाऊन या.

नोकरीत असताना आजार उफाळला तर

पहिला नियम, त्या अवस्थेत राजीनामा द्यायचा नाही. मॅनियात माणूस साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटतो, डिप्रेशनमध्ये "माझ्याने होणार नाही" म्हणून मेल करतो. दिलाच असेल तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांच्या पत्रासह लिहा की हा आजाराच्या भरात दिलेला आहे, मंजूर करू नये, आणि त्याच्या सहीने मागे घेतल्याचं पत्र द्या. मंजूर व्हायच्या आधी राजीनामा मागे घेता येतो, म्हणून इथे एकेक दिवस मोलाचा असतो.

दुसरं, न सांगता गैरहजर राहायचं नाही. तो फोन उचलत नसेल तर तुम्ही कळवा, मेलवर, मेडिकल रजेचा अर्ज म्हणून. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर हे वाचाच. साधा आजारपणाचा भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतो. पण काही दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे आणि तिच्यात सायकोसिस आहे, ज्यात स्किझोफ्रेनिया आणि मॅनिक डिप्रेशन, म्हणजे बायपोलरही, येतं. त्यांना ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत भत्ता वाढवून मिळू शकतो, आधी दोन वर्षं विमा असलेली नोकरी आणि ठराविक दिवसांची वर्गणी लागते. फॅक्टरीत, सिक्युरिटीत, हाउसकीपिंगमध्ये काम करणाऱ्या कितीतरी घरांना हे कोणी सांगितलेलंच नसतं आणि माणूस बिनपगारी घरी बसतो. ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच सर्टिफिकेट घ्यायचं, बाहेरच्या डॉक्टरांचं नुसतं पत्र चालत नाही.

सरकारी नोकरीत दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० फार महत्त्वाचं आहे. नोकरीत असताना दिव्यांगता आली म्हणून काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद, आणि तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. आणि १७ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, त्यांना ओसीडी आणि डिप्रेशन होतं, असं सांगितलं की मानसिक आजारामुळे ज्या वागण्यात अडकण्याची शक्यता जास्त असते त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभाव आहे, आणि आजार हे त्या वागण्याचं एकमेव कारण असण्याचीही गरज नाही. शिक्षक, पोलीस, एसटी, झेडपी, कुठेही विभागीय चौकशी लागली असेल आणि त्या काळातले उपचाराचे कागद असतील तर हा निकाल वकिलाला दाखवा. खाजगी नोकरीला कलम २० लागू नाही, तिथे समान संधी धोरण आणि भेदभावाची मनाई यांच्या जोरावर बोलावं लागतं. दाद मागायची ती पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे, लेखी तक्रार, सोबत पत्रव्यवहार.

गोव्यात राहत असाल तर बांबोळीचं आयपीएचबी (सरकारी मनोरुग्णालय) आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, इथून सुरुवात करा. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण राज्याच्या योजना त्या त्या राज्याच्या, महाराष्ट्रातून तिकडे गेलात तर संजय गांधी सोबत येत नाही.

वेळीअवेळी काही सुचेनासं झालं, किंवा तो मरणाबद्दल बोलायला लागला, तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जिवाला लगेच धोका असेल तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलात घेऊन जा.

आणि कार्डावरची मुदत बघून ठेवा. मानसिक आजाराला बऱ्याचदा ठराविक वर्षांचंच सर्टिफिकेट देतात, संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, कारण मधे खंड पडला तर पेन्शनही थांबते आणि भरतीचा फॉर्मही. परत तपासणीला जाताना नवीन वही न्या, जुनी नाही. त्यात तो कामाला जातोय असं लिहिलेलं असेल तर तेही दाखवा आणि त्यासोबत हेही दाखवा की रोज सकाळी उठवायला, गोळी द्यायला, बसस्टॉपपर्यंत सोडायला कोण असतं.